अढीतला वायू

मामांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि पेंढ्यात हात घातला. आधी मनगट, मग अर्धा हात. डोळे मिटलेले. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी लवकर मोहोरलेल्या दोन कलमांच्या आंब्यांची अढी घातली होती. बाकीची बाग अजून झाडावरच होती. मार्चचा शेवटचा आठवडा, पाडवा तोंडावर आलेला. सकाळपासून वाशीच्या दलालाचे दोन फोन येऊन गेले होते : माल उतरवा, आज जो भाव आहे तो पंधरा दिवसांनी राहणार नाही.

"ऊब धरलीय," हात बाहेर काढत मामा म्हणाले. "आणखी दोन दिवस."

"ती ऊब म्हणजे आंब्यांचा श्वास," दारात उभी असलेली भाची म्हणाली. ती दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकली आणि आता पुण्याजवळ एका रायपनिंग चेंबरचं काम पाहते. "पिकायला लागलेलं फळ एकदम जोरात श्वास घेतं. त्यातून उष्णता बाहेर पडते. तू हात घालून जे ओळखतोस ना मामा, ते आम्ही थर्मामीटरवर बघतो."

ती रत्नागिरीजवळच्या या आजोळी आली होती ती एक मागणं घेऊन. यंदा निम्मा माल मामांनी अढीत न घालता तिच्या चेंबरला द्यावा. हिरवा, कडक आंबा गाडीत भरायचा, पुण्याला पोहोचला की बंद खोलीत इथिलीन वायू द्यायचा, चार-पाच दिवसांत सगळा माल एकसारखा पिवळा.

"नाही गो," मामा म्हणाले. "तुझ्या खोलीत आंबा पिकत नाही. रंगतो."

त्या दुपारचा सगळा वाद पिकणं आणि रंगणं या दोन शब्दांभोवती फिरला. दोघांनाही आंबा जिवापाड प्रिय, म्हणून कोणी मागे हटेना.

भाचीने सुरुवात अढीपासूनच केली. मामा ज्याला बाहेरचा वायू समजत होते, तो त्यांच्या पेंढ्याखाली आत्ता याच क्षणी तयार होत होता. इथिलीन हे वनस्पतींचं संप्रेरक आहे. संप्रेरकांमध्ये वायुरूप असलेलं म्हणून ते वेगळं. दोन कार्बन, चार हायड्रोजन, इतका साधा रेणू. त्याचा शोध फळांतून लागला नाही, रस्त्यावरच्या दिव्यांतून लागला. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह नावाचा तरुण संशोधक प्रयोगशाळेत अंधारात वाटाण्याची रोपं वाढवत होता. रोपं सरळ वर जाण्याऐवजी बुटकी, जाड होऊन आडवी वाढत होती; बाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवली की ताळ्यावर येत होती. त्या काळी दिव्यांसाठी नळातून वायू खेळवलेला असे. प्रयोगशाळेच्या हवेत तो मिसळत होता, आणि त्यातल्या इथिलीनचं हे काम आहे हे नेल्युबोव्हने १९०१ मध्ये दाखवलं. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद हा वायू स्वतःच तयार करून बाहेर सोडतं.

"म्हणजे फळाला फळाकडूनच सांगावा जातो," भाची म्हणाली. "एक पिकलं की शेजारचं पिकतं. ते पिकलं की त्याच्या शेजारचं."

"एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं."

"बरोबरच ठाऊक होतं. फळ कुजलं, ठेचलं, कापलं गेलं की इथिलीन जास्त सुटतं. बुरशीसुद्धा इथिलीन सोडते. म्हणून तर ती रोज अढी उघडून डागी फळ बाहेर काढत असणार."

मामांनी मान हलवली. ते स्वतः आजही तेच करतात.

या वायूचा एक विलक्षण गुण आहे. कच्च्या फळात तो अगदी किंचित असतो आणि स्वतःच्या निर्मितीला स्वतःच आवर घालतो. फळाची वाढ पूर्ण झाली, कोय कडक झाली, की हे चक्र उलटं फिरतं : इथिलीन आणखी इथिलीन तयार करायला लावतं. तिथून मागे फिरणं नाही. आंबा, केळं, चिकू, पेरू, फणस, पपई, टोमॅटो, सफरचंद ही सगळी अशी भडका उडणारी फळं. झाडावरून उतरवली तरी पिकतात. द्राक्ष, डाळिंब, संत्रं, अननस, स्ट्रॉबेरी यांच्यात हा भडका नाही; ती झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच, तोडल्यावर गोडी वाढत नाही. फळाच्या श्वासाची ही उसळी केंब्रिजच्या फ्रँक्लिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात सफरचंदांवर मोजली. कोकणातल्या बागायतदाराचा हात पेंढ्यात ऊब शोधतो, तोही त्याच उसळीचा माग काढत असतो.

भाचीने मग फळाच्या आतली वाट सांगितली. मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून सुरुवात होते, दोन पायऱ्यांनंतर एसीसी हा पदार्थ तयार होतो आणि त्यापासून इथिलीन. कॅलिफोर्नियात शांग फा यांग यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये ही मधली कडी पकडली. "आणि शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतो," ती म्हणाली. "हवा कोंडली की इथिलीन तयारच होत नाही."

मामा पहिल्यांदाच उत्सुकतेने पुढे झुकले. "म्हणून ताडपत्रीखाली आंबा पिकत नाही. आंबतो. मागे एकदा पावसाच्या भीतीने आम्ही अढी ताडपत्रीने गच्च झाकली होती. उघडली तर दारूसारखा वास."

"पेंढ्यातून हवा खेळते, वायू मात्र थोडा रेंगाळतो आणि ऊबही राहते. अढी म्हणजे भिंती नसलेलं चेंबरच की."

"मग भिंती कशाला हव्यात तुला?"

प्रश्न रास्त होता. भाचीचं उत्तर तापमानाचं होतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत पारा सहज तिशीपलीकडे जातो. त्या उष्णतेत आंबा मऊ भराभर पडतो पण सालीवर रंग नीट चढत नाही, हिरवे-पिवळे पट्टे राहतात. वीस-बावीस अंशांना रंग, गर आणि वास एकमेकांना धरून चालतात. उलट आंबा तेरा अंशांखाली ठेवला तर थंडी बाधते : साल काळवंडते, पिकण्याची ताकद जाते. घरच्या फ्रीजमध्ये कच्चा हापूस ठेवणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

मामांच्या मनात मात्र वायूबद्दल अढी बसली होती ती तापमानामुळे नव्हे. त्यामागे एक जुनी आठवण होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी बाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यात आंब्याच्या पेट्या उघडलेल्या पाहिल्या. प्रत्येक पेटीच्या तळाशी कागदाच्या पुड्या. एक पुडी फुटली होती, राखाडी खडे बाहेर आलेले, लसणासारखा घाण वास. पेटीवर रत्नागिरीचं नाव होतं.

"कार्बाइड," भाची म्हणाली. "तो गुन्हाच आहे, मामा. त्याची आणि माझी गाठ घालू नकोस."

इथे ती चिडली, आणि तिचं चिडणं योग्य होतं, कारण लोक या दोन गोष्टी सर्रास एकाच पारड्यात टाकतात. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो. तो इथिलीनचा लांबचा भाऊबंद. फळाला फसवतो, पण इथिलीनच्या मानाने फारच दुबळा, म्हणून भरपूर वापरावा लागतो. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते. मामांना आलेला वास त्या फॉस्फरसमुळे. भारतात फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिली.

"शंभर पीपीएम म्हणजे किती, सांगू? ही खोली दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच धर. एवढ्या हवेत तीन लिटरहूनही कमी वायू. तोही एक-दोन दिवस. मग दारं उघडून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, कारण तो साचला तर इथिलीनचं काम अडतं. पुढचं सगळं फळ स्वतः करतं. आपण फक्त दार वाजवतो."

"दार वाजवून कोणाला उठवतेस ते बघितलंस का?" मामांनी विचारलं. "झोप पुरी झालेल्याला उठवणं वेगळं."

इथे वादाने वळण घेतलं. रत्नागिरीत आंब्याची तयारी आण्यांत मोजतात. रुपयाचे सोळा आणे पैशांच्या व्यवहारातून जाऊन कित्येक वर्षं झाली, पण आंब्यात ते टिकून आहेत. चौदा आणे तयार झालेला आंबा उतरवायचा : देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले, देठाजवळ किंचित खळगा, सालीचा गर्द हिरवा रंग उतरून फिकट झालेला. असा आंबा अढीत घातला की दहा-बारा दिवसांत सोळा आणे होतो. दहा आण्यांवर उतरवलेला आंबा अढीत सुरकुततो. तो पिकला नाही हे अढी लपवत नाही. उघडलं की दिसतं.

"आणि तुझ्या चेंबरमध्ये?" मामा म्हणाले. "दहा आण्यांचा आंबाही पिवळाधमक होऊन बाहेर येतो. आत आंबट, वास नाही. गिऱ्हाईक रंग बघतं नि पैसे मोजतं. अढीत कोवळा आंबा पकडला जात होता. तुझ्या वायूने तो सुटला."

हा घाव वर्मी बसला. भाचीने तो नाकारला नाही. उलट मामांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगून त्यांचीच बाजू भक्कम केली. कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरवी लिंबं पिवळी करण्यासाठी ती केरोसीनच्या शेगड्या लावलेल्या खोल्यांत ठेवत. उष्णतेने रंग येतो असं सगळे समजत. मग काहींनी धूर नसलेली, उष्णतेची सुधारित सोय केली, आणि लिंबं हिरवीच राहिली. काम धुराचं होतं. त्या धुरातला कर्ता वायू इथिलीन आहे हे फ्रँक डेनी यांनी १९२४ मध्ये दाखवलं. आपल्याकडे केळ्यांच्या वखारीत घट्ट बंद खोलीत धुरी देत, त्यामागचं कारणही हेच. पण केळं आणि लिंबू यांत एक मोठा फरक आहे. केळं त्या धुरीने खरोखर पिकतं : पिष्टाची साखर होते, गर मऊ होतो. लिंबाचं किंवा संत्र्याचं फक्त सालीतलं हरितद्रव्य जातं. आतला रस होता तसाच राहतो.

"म्हणजे रंगणं आणि पिकणं वेगळं होऊ शकतं, हे तुझं शास्त्रच सांगतं."

"सांगतं. इथिलीन हा निरोप आहे, मामा. निरोपातून साखर येत नाही. साखर येते ती झाडाने फळात भरलेल्या पिष्टातून, आणि ते भरायला दिवस लागतात. आणे पुरे होण्याआधी निरोप धाडला तर फळ रंगेल, मऊ पडेल, पण देणार काय?"

हापूसच्या बाबतीत साखरेहूनही वासाचं गणित अवघड आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या गंधद्रव्यांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. कैरीचा तो हिरवा, चिकाळ वास टर्पीन गटातल्या द्रव्यांचा. पिकताना त्यांच्या जोडीला लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही द्रव्यं येतात. पेटी उघडल्याबरोबर घरभर जो गोड दरवळ पसरतो, तो ही द्रव्यं असतील तरच. पिकण्याच्या अखेरच्या टप्प्यात ती तयार होतात. पिवळी साल त्यांची हमी देत नाही. म्हणून जुनी माणसं आंबा विकत घेताना डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवतात. देठाशी नाक नेऊन आंबा हुंगणाऱ्या आजीला बाजारात कोणी हसत असेल, तर त्याने ते थांबवावं.

मामा आता मोकळेपणाने बोलू लागले. संप्रेरकं, औषधं, फवारे हे सगळं फळाच्या कामात ढवळाढवळ आहे, झाडाला त्याच्या गतीने जाऊ द्यावं, असा त्यांचा सूर होता. भाचीने शांतपणे खळ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यांकडे बोट दाखवलं.

"ते कल्टारचे डबे ना?"

मामा काही बोलले नाहीत.

कोकणातल्या बागायतदाराला कल्टार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हापूस एक वर्ष भरघोस येतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, झाडाच्या बुंध्याभोवती मुळांशी हे औषध ओतलं की दरवर्षी मोहोर येतो. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्य जिबरेलिन नावाच्या संप्रेरकाची निर्मिती रोखतं. जिबरेलिनचं काम झाडाला वाढवत नेणं, नवी पालवी काढणं. ते दबलं की झाड पालवी सोडून मोहोराकडे वळतं. गंमत अशी की जिबरेलिनचा शोध भाताच्या रोगातून लागला. काही भातरोपं शेजारच्या रोपांच्या डोक्यावरून उंच, फिकट वाढत आणि कोलमडत; जपानी शेतकरी त्यांना वेडी रोपं म्हणत. एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं की एका बुरशीच्या स्रावाने हे घडतं. तेच जिबरेलिन आज नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराच्या बादलीत असतं. मणी लांब, टपोरे व्हावेत म्हणून घड त्यात बुडवले जातात.

"आणि कैरी गळू नये म्हणून तू एनएए फवारतोस," भाची पुढे म्हणाली. "तेही संप्रेरकच, ऑक्सिनच्या घरातलं. देठाशी ऑक्सिन कमी झालं आणि इथिलीन वाढलं की फळ गळतं. तू ऑक्सिन वरून देतोस. मोहोर तू संप्रेरकाने आणतोस, फळ संप्रेरकाने धरून ठेवतोस. पिकवायच्या वेळी तेवढं संप्रेरक विष होतं?"

मामांना उत्तर द्यायला वेळ लागला. अंगणातून त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "कल्टार घालतो, कारण बँकेचं कर्ज एक वर्षाआड फिटत नाही. ते आवडतं म्हणून नाही घालत. आणि एक सांगतो. कल्टारने झाड खचतं हे मी बघितलंय. त्याला खत-पाणी वाढवून द्यावं लागतं. उसनं घेतलं की फेडावं लागतं. तुझ्या वायूची फेड कोण करतं, ते मला विचारायचंय."

हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. इथिलीनची फेड पैशांत होत नाही, वेळेत होते. पिकण्याची तारीख आपण अलीकडे ओढली की नासण्याची तारीखही अलीकडे येते, कारण दोन्ही एकाच उतारावर आहेत. याच जागी गोष्ट मऊपणाकडे वळते, आणि संप्रेरकांच्या शास्त्रात सगळ्यात जास्त पैसा आणि अक्कल याच एका गोष्टीवर खर्च झालेली आहे.

भाचीने घराच्या भिंतीवर हात ठेवला. जांभ्या चिऱ्याची भिंत, चिऱ्यांमध्ये चुना. फळाचा गर असाच रचलेला असतो. पेशी म्हणजे चिरे; त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा चुना म्हणजे पेक्टिन, ज्यात कॅल्शियमचे दुवे असतात. इथिलीनचा निरोप पोहोचला की पेशी विकरं तयार करू लागते. एक पेक्टिनवरचे मिथाइल गट काढतं, दुसरं, पॉलिगॅलॅक्च्युरोनेज, पेक्टिनची लांब साखळी तोडतं, पेक्टेट लायेज ती वेगळ्या रीतीने कापतं, एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं पेशीभिंतीचे धागे सैल करतात. आंब्यात हे काम कोयीजवळ सुरू होतं आणि सालीकडे येतं. म्हणून बाहेरून टणक वाटणारा आंबा कापला तर आत कोयीभोवती केशरी झालेला दिसतो.

अमेरिकेतल्या कॅल्जीन कंपनीला वाटलं, यातलं एक विकर बंद केलं तर टोमॅटो मऊ पडणार नाही. पॉलिगॅलॅक्च्युरोनेजचं जनुक दाबून त्यांनी फ्लेवर सेव्हर टोमॅटो तयार केला. जनुकबदल केलेलं आणि अख्खं खाण्यासाठी विकलं गेलेलं ते पहिलं पीक, १९९४ साली बाजारात आलं. काही वर्षांतच ते गुंडाळावं लागलं. धंद्याची गणितं चुकली हे एक कारण. पण मुळात टोमॅटो अपेक्षेइतका टणक राहिलाच नाही.

"एका दाराला कुलूप घातलं," मामा म्हणाले, "आणि मागचं दार उघडं."

"अगदी. चुना ढिला करणारे एकच नाही, दहा आहेत. पण पुढे खरं दार सापडलं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पेक्टेट लायेज बंद करून बघितलं. टोमॅटो टणक राहिला आणि रंग, चव बिघडली नाही. म्हणजे मऊ पडणं आणि चवीने पिकणं यांच्या दोऱ्या पुढे जाऊन वेगळ्या होतात. आपल्याकडे दिल्लीतही, वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत, २०१० मध्ये टोमॅटोतली दुसरीच दोन विकरं दाबून टिकाऊपणा वाढवला गेला."

तिने आणखी एक रस्ता सांगितला. पेशीच्या आत इथिलीनचे ग्राहक असतात, त्यांच्या पोटात तांब्याचा अणू. वायू नसतो तेव्हा हे ग्राहक पिकण्यावर ब्रेक दाबून बसलेले असतात. इथिलीन येऊन तांब्याला चिकटलं की ब्रेक सुटतो. इथिलीन गाडी ढकलत नाही, ब्रेकवरचा पाय उचलतं. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठात एडवर्ड सिसलर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांनी असा एक रेणू शोधला, एक-एमसीपी, जो इथिलीनच्या जागी जाऊन बसतो आणि उठतच नाही. ब्रेक दाबलेलाच राहतो. त्यामुळे सफरचंदं शीतगृहात कित्येक महिने कुरकुरीत राहतात.

"आणि वास?" मामांनी लगेच विचारलं.

भाचीने खरं ते सांगितलं. वासाची द्रव्यंही इथिलीनच्या निरोपावर तयार होतात, म्हणून ब्रेक फार दाबला तर फळ टिकतं पण गंध मंदावतो. टोमॅटोतही हाच अनुभव आहे. रिन नावाच्या उत्परिवर्तनामुळे टोमॅटो पिकतच नाही. त्याचा संकर करून बाजारासाठी टिकाऊ वाण काढले गेले. ते गाडीत हजार किलोमीटर जातात, आणि खाणारे चव हरवल्याची तक्रार करतात.

"म्हणजे हापूसला ते लावायचं नाही."

"मी लावणार नाही," भाची म्हणाली. या एका वाक्यावर दोघांचं भांडण नव्हतं.

बोलता बोलता महाबळेश्वरचा विषय निघाला, कारण मामींनी फ्रीजमधली स्ट्रॉबेरी आणून ठेवली. पांढऱ्या खांद्यांची, कडक. अढीत घातली तर लाल होईल का, असं मामींनी विचारलं. लाली किंचित चढेल, गोडी नाही. स्ट्रॉबेरीवर इथिलीनची सत्ता चालत नाही. तिच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात तीच तिची खरी फळं. त्यांच्यातून ऑक्सिन येतं आणि लाल गर फुगतो. जाँ नीच या संशोधकाने १९५० मध्ये कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे टोकरून काढले, तर तिची वाढ थांबली. त्या जागी ऑक्सिनचा लेप लावला, तर ती पुन्हा वाढली. पुढे दाणे तयार होऊन ऑक्सिन ओसरलं की ॲब्सिसिक आम्ल हे वेगळंच संप्रेरक सूत्रं हातात घेतं, आणि लाली येते. द्राक्ष गोड होण्यातही त्याचाच हात मोठा. मामांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी चष्मा लावून स्ट्रॉबेरीवरचे दाणे निरखले.

मग दुपारचा मुख्य मुद्दा त्यांनी पुन्हा उकरला, आणि या वेळी त्यांच्याकडे शास्त्रातलं नसलेलं, पण शास्त्राला उत्तर देणं भाग पाडणारं म्हणणं होतं. एकाच कलमाला मोहोर दोन-तीन वेळा येतो. एका दिवशी उतरवलेल्या आंब्यांत कोणी चौदा आण्यांचा, कोणी साडेबारा. अढीत ज्याचा त्याचा दिवस ज्याला त्याला मिळतो. पेटी घरी गेली की आज चार पिकतात, उद्या सहा. "पेटी म्हणजे घरात दहा-बारा दिवसांचा सण असतो. तुझ्या खोलीतून आलेली पेटी एकाच दिवशी सगळी पिकते. दोघं म्हातारी माणसं चार डझन आंबे एका दिवशी खाणार कशी?"

भाचीच्या गिऱ्हाइकांची तक्रार नेमकी हीच होती. ती कबूल करायला ती थोडी अडखळली, पण तिने कबूल केली. तिची बाजूही तिने मांडली : दुकानदाराला एकसारखा माल हवा, प्रक्रिया करणाऱ्याला एका दिवशी टनभर पिकलेला आंबा हवा, आणि अढीला जागा, पेंढा, रोज फळ निवडणारे हात लागतात. मामींच्या वयाची माणसं आणखी किती वर्षं वाकून अढ्या चाळणार? मामांकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांची मुलं मुंबईत आहेत.

मामांनी साक्याचाही दोष वायूवर ढकलून पाहिला. वरून देखणा, आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. हापूसचं हे दुखणं बागायतदाराची झोप उडवतं. पण साका झाडावरच सुरू होतो. बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेतल्या कामाने त्याचा संबंध कोयीशी जोडला आहे : फळ पिकण्याआधीच आतली बी रुजण्याच्या तयारीला लागते आणि गरातला साठा ओढून घेते. अढी असो की चेंबर, साका असेल तर तो असणारच.

चार वाजले. तिसरा फोन वाजला. मामांनी तो उचलला नाही.

"एक करू," ते म्हणाले. "विहिरीजवळच्या कलमाचे आंबे. निम्मे माझ्या अढीत, निम्मे तुझ्या खोलीत. देठाला सुतळी बांधून खूण करू. खाऊन बघू. अट एकच, आणे पुरे झाल्याशिवाय झेला लावायचा नाही."

"माझी दुसरी अट," भाची म्हणाली. "माझी निम्मी फळंसुद्धा निवडून दे. जेवढे साडेबाराचे, तेवढे बाजूला."

दोघं विहिरीकडे गेली. मामांनी झेल्याने वरच्या फांदीवरचा एक आंबा हलकेच तोडला, देठ बोटभर ठेवून, चीक सालीवर ओघळू न देता. खांदे चांगले दिसत होते. भाचीला वाटलं, तयार आहे. मामांनाही तसंच वाटलं. त्यांनी विहिरीवरची बादली पाण्याने भरली आणि आंबा हळूच आत सोडला. तयार आंबा पाण्याहून जड असतो, तळाशी जातो. कोवळा वर राहतो.

आंबा बुडाला, थांबला, आणि सावकाश वर आला.

मामांनी झेला भिंतीला टेकवला. भाचीने फोन काढून पुण्याला कळवलं की गाडी या आठवड्यात पाठवू नका.